मीटर एका घराने सरकला

डिझेलभाऊ हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण सोळा वर्षं खांद्यावरून कॅन वाहून टेकडीवरच्या मोबाइल टॉवरच्या जनरेटरला डिझेल पाजणाऱ्याला लोक दुसरं काय म्हणणार? बायको त्याचे शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची आणि वर म्हणायची, नवरा भिजवता येत नाही हेच दुःख. धुराने धरलेला खोकला मात्र कशानेच धुतला जात नव्हता.

त्यामुळे कंपनीने धूर बंद करायचा म्हणून सौर पॅनेल आणि बॅटऱ्या बसवल्या, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यालाच झाला. अट एकच. तीस दिवस जनरेटर चालता कामा नये. चालला की त्याचे तास मोजणारा मीटर हलणार, मग चाचणी बाद आणि पुन्हा डिझेल. आणि कुणी तो हाताने सुरू केलाच, तर त्याने सरळ घरी बसायचं.

तिसाव्या दिवशी नेमकं आभाळ भरून आलं. दुपारी बॅटरी पंचवीस टक्क्यांवर उतरली. वीसवर जनरेटर आपोआप सुरू होणार होता. भाऊने यंत्रांच्या खोलीतला एसी बंद केला, दारं सताड उघडली आणि डोळ्यांत तेल घालून तापमान बघत बसला, कारण यंत्रं तापली तर टॉवरच बंद पडणार. तेवीस. बावीस. एकवीसवर आकडा अडला तो अडलाच. अर्ध्या तासाने ऊन पडलं आणि आकडा चढू लागला. भाऊचा जीव भांड्यात पडला.

आणि इथेच गड्याने माती खाल्ली. निघण्याआधी किल्ली फिरवून इंजिन जरा चालवून बघायचं, ही सोळा वर्षांची सवय. एकोणतीस दिवस त्याने हात आवरला होता. आज आनंदाच्या भरात फिरवली. जनरेटर धडधडला. त्याने झडप घालून तो बंद केला, पण मीटर एका घराने सरकला होता.

पाच वाजता इंजिनियर मॅडम मीटरचा फोटो काढायला आल्या. आकडा बघून त्यांचा चेहरा पडला. ढगांमुळे बॅटरी पुरली नाही असंच लिहावं लागेल, म्हणाल्या, आणि वही उघडली. भाऊ नुसता गप्प राहिला असता तरी नोकरी शाबूत होती.

"बॅटरी पुरली, मॅडम. किल्ली मी फिरवली," तो म्हणाला. "माणूस बदला, पण डिझेल परत आणू नका."