अंगारकीला मोजलेला मासळीबाजार

अंगारकीच्या दिवशी मासे कोण घेतं? कोणी नाही. म्हणून त्या दिवशी आमचा बाजार बंद असतो. तसं कोणी ठरवलेलं नाही, पाटीही लावलेली नाही. माझी सासू बसायची तेव्हाही असंच होतं. आमच्यातल्या दोघी ख्रिश्चन आहेत, त्याही येत नाहीत. गिऱ्हाईकच नाही तर पापलेट काय भिंतीला दाखवायचं? पाट उलटे करून ठेवायचे, जमीन धुऊन काढायची आणि घरी जाऊन साबुदाण्याची खिचडी खायची. तीस वर्षं मी हेच केलं. आणि नेमक्या त्याच दिवशी वॉर्ड ऑफिसने आमचा बाजार मोजला.

मी नाहूरला राहते. बाजार घरापासून चालत दहा मिनिटांवर. पत्र्याखाली आम्ही बावीस जणी बसतो. नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हा मी सासूच्या जागेवर बसले. पहिल्या आठवड्यात तीनदा हात कापला. मग मासे विकले, मुलं वाढली. त्यात सांगण्यासारखं एवढंच.

बाजाराच्या खालून मोठं गटार जातं. पावसाळ्याआधी ते रुंद करायला घ्यायचं ठरलं, म्हणजे बाजार खोदणार. तोवर आम्हाला शाळेच्या भिंतीलगत शेड मिळणार होती आणि धंदा चालू राहावा म्हणून प्रत्येकीला बर्फाची पेटी. महिना मार्चचा. मार्चच्या आत मंजुरी झाली नाही तर पैसे परत जातात, म्हणून ऑफिसात सगळ्यांची पळापळ. एक बाई टॅब घेऊन येऊन बाजार मोजून गेली आणि दोन दिवसांनी खांबावर कागद लागला.

मी चौथी शिकलेली. बाजारात कागद आला की तो माझ्याकडे येतो. मी मोठ्याने वाचला. जागेवर आढळलेले विक्रेते : एक. व्यवसाय : फुले व दूर्वा.

आमच्या कोपऱ्यात एक म्हातारा लिंबू-कोथिंबीर घेऊन बसतो. अंगारकीला तो तिथेच जास्वंद आणि दूर्वा विकतो. सगळ्या मासळीबाजारात ऑफिसला सापडला तो एकटा.

"म्हणजे शेड ह्याला एकट्याला?" माझ्या शेजारी बसणारी कोलबीवाली म्हणाली. "घे रे बाबा, पंखा पण लावून घे!"

म्हातारा म्हणाला, "मला काय करायची एवढी जागा? तुम्ही या, एकेकीला भाड्याने देतो."

हसलो खरं, पण हसून भागण्यासारखं नव्हतं. यादीत नाव नाही त्याला शेड नाही, असं खालच्या ओळीत छापलं होतं. गटाराचं काम दोन वर्षं चालणार. दोन वर्षं जागेवर न बसलेल्या कोळणीला गिऱ्हाईक ओळखही देत नाही.

आम्ही तिघी ऑफिसात गेलो. साहेब नवे होते, घाटावरचे, वागायला बरे. पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं.

"आजी, आमच्या मॅडम स्वतः जाऊन आल्या. बाजार रिकामा होता. फोटो आहेत."

"कधी गेलेल्या?"

"मंगळवारी."

"नुसता मंगळवार नव्हता तो. तुमच्या घरी त्या दिवशी जेवायला काय होतं?"

"उपवास होता. अंगारकी होती ना."

"मग? तुमचा उपवास आणि आमचा धंदा जोरात, असं कसं होईल?"

टॅबवाली बाई तिथेच उभी होती. तिने कपाळावर हात मारला. "अरे देवा, माझा पण उपवास होता!"

साहेब हसले. म्हणाले, तातडीची बैठक गुरुवारी आहे, त्यात पैशांचं ठरणार. बुधवारी सकाळी मी स्वतः येतो, त्या वेळी जेवढ्या जणी दिसतील तेवढ्यांची नावं देतो. काम झालं होतं. आम्ही गप्प घरी गेलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पण साहेब आकडा लिहून नेणार म्हटल्यावर प्रत्येकीच्या डोक्यात एकच किडा वळवळला. एक जागा मिळतेच आहे, तर दोन का नको? मी काही वेगळी नाही. माझी सून घाटकोपरला कपड्यांच्या दुकानात होती, ते दुकान बंद झालं. सहा महिने घरी होती. म्हटलं, हिच्या नावावर एक जागा लागली तर बरं. सून मासे खाते आवडीने, पण साफ केलेले. कच्च्या माशाला हात लावत नाही.

"आई, मला जमणार नाही," ती म्हणाली.

"जमायचं काय त्यात? नुसतं बसायचं."

बुधवारी बाजारात जत्रा भरली. बावीसच्या जागी एक्कावन्न बायका. कोणाची जाऊ, कोणाची नणंद, कोणाची डोंबिवलीची मावसबहीण. एकीच्या नखांना लाल पॉलिश, एकीच्या खांद्याला पर्स. विकायला मासे तेवढेच, म्हणून एका पाटावर चार बोंबील आणि मागे दोघी. गिऱ्हाइकाला पाय ठेवायला जागा नाही. माझ्या बाजूला सून, नाकाला पदर, समोर माझी जुनी विळी आणि तीन बांगडे.

साहेब आले. सोबत टॅबवाली आणि एक निवृत्तीला आलेला कारकून, रत्नागिरीकडचा. साहेबांनी एकदा इकडून तिकडे पाहिलं आणि सरळ माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"आजी, गेल्या वेळी शून्य, आज पन्नास. बैठकीत मी कोणता आकडा सांगू? दोन्ही खोटे वाटणार. मला खात्रीचा आकडा नसेल तर मी हा विषय मागे घेतो. ते पैसे बागेच्या बाकड्यांना जातील. मार्च आहे, थांबता येत नाही."

कारकून पुढे झाला. "साहेब, सोपं आहे. प्रत्येकीला एक बांगडा साफ करायला सांगा. खरी कोण ते कळेल."

मला वाटलं, हा शहाणा. पण शहाणा कसला! कोकणातल्या बायका त्या. घरोघरी बांगडे साफ करणाऱ्या. डोंबिवलीच्या मावसबहिणीने तर असा झटकन केला की कोलबीवालीच मागे पडली. लाल नखंवालीनेही केला. कारकून एकेक पाहत पुढे सरकत होता, त्याचं तोंड उतरत चाललं होतं. शेवटी तो माझ्या सुनेपुढे आला.

सुनेने बांगडा शेपटीला धरून दोन बोटांनी उचलला. विळीवर ठेवला. डोळे मिटले. बांगडा उडून साहेबांच्या बुटावर.

एक्कावन्न बायका होत्या, पकडली गेली ती माझी.

"ही कोण?" साहेबांनी विचारलं.

सून माझ्याकडे बघत होती. इतरही माझ्याकडेच बघत होत्या. मी कागद वाचणारी, ऑफिसात भांडून आलेली, आणि माझ्याच पाटावर खोटं बसलेलं. आता दुसरीकडे बोट दाखवायचं तर आधी घरातलं आवरायला हवं होतं.

"माझी सून," मी म्हणाले. "कोळीण नाही. मीच बसवली. ऊठ गं, घरी जा."

ती उठली. पदर झटकला आणि मागे न बघता गेली.

"साहेब, बांगड्याने काही कळणार नाही. आमच्याकडे प्रत्येक जागा सासूकडून सुनेकडे येते. कुठल्या जागेवर कोणाची सासू बसायची ते मला पाठ आहे. मी सांगते, तुम्ही लिहा."

"वा गो वा!" कोलबीवाली कडाडली. "तुझी सून पकडली म्हणून आता आमच्या जावा उठवतेस?"

"होय. म्हणूनच. तुझी नणंद आधी उठव, कोलबी तिच्या पर्सवर सांडते आहे."

शिव्या खाल्ल्या. खाण्यासारखंच काम होतं. पण मी खांबापासून सुरुवात केली आणि एकेक जागा सांगत गेले. इथे हिची सासू, पायाने अधू होती. इथे हिची आत्या, हिला सासू नव्हती. टॅबवाली लिहीत होती. ज्यांची नावं आली नाहीत त्या आपोआप उठल्या, काही हसत, काही बडबडत. शेवटी बावीस उरल्या. साहेबांनी स्वतः मोजल्या.

गुरुवारी बैठक झाली आणि त्यात मंजूर झालं. नवा कागद लागला, मी वाचला. मासळी विक्रेत्या बावीस, फूल विक्रेता एक. म्हाताऱ्याचं काही कोणी बदललं नाही. त्यालाही बर्फाची पेटी मिळाली. तो तिच्यात कोथिंबीर ठेवतो आणि आमच्यापेक्षा ताजा माल विकतो.

कोलबीवाली आठ दिवस बोलली नाही. शेडमध्ये तिची जागा माझ्या शेजारीच आली, मग किती दिवस तोंड फिरवणार? बर्फ उधार मागायला लागली.

सून मात्र महिनाभर कामापुरतं बोलत होती. चूक माझी होती, मी तसं तिला सांगितलंही. ती "बरं" म्हणाली. मग ऑफिसातून एक फॉर्म आला. त्यात माझ्यानंतर जागा कोणाची, ते लिहायचं होतं. मी तिचं नाव लिहायला घेतलं.

"मला विचारलंत?" ती म्हणाली.

"विचारते. लिहू?"

"आधी बांगडा शिकवा. मग लिहा. पुन्हा कोणी मला उठवता कामा नये."

फॉर्म तसाच कपाटात ठेवला. रविवारी ती माझ्याबरोबर शेडमध्ये यायला लागली. पहिल्या रविवारी एक मासा केला आणि बाहेर जाऊन उलटी केली. दुसऱ्या रविवारी सहा केले, बोटाला दोन पट्ट्या. तिसऱ्या रविवारी गिऱ्हाइकाचे बारा बांगडे तिने एकटीने साफ केले. एकाच्या पोटात जरा काळं राहिलं होतं. गिऱ्हाईक काही बोललं नाही. मी बोलले. तिने तो परत घेतला, नीट केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता लिहा."