एकोणिसावी छाती

शेजारी म्हणत, या बाईंना दुरूनच नमस्कार करावा. जवळ गेलं की त्यांना काळजातलं कळतं. थट्टाच ती, पण जिन्यात बाई दिसल्या की थट्टेखोरांचेही श्वास आखडत. इस्पितळात हृदयाचे इको, म्हणजे ध्वनिलहरींनी पडद्यावर उमटणारी चित्रं, काढण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती.

त्या वर्षी छातीला चिकटवायची एक पट्टी पारखायला आली. ठोक्यागणिक छातीला जी सूक्ष्म थरथर होते, तिच्यावरून हृदयाच्या झडपा कधी उघडल्या, कधी मिटल्या, त्यात काही बिघाड आहे का, हे ती सांगे. खरंखोटं ठरायचं ते बाईंच्या पडद्यावर. त्यांची शिस्त कडक: आधी इकोवर आपल्या खुणा करायच्या, मगच पट्टीच्या निकालाचा बंद लिफाफा फोडायचा. अठरा निरोगी माणसांचं जुळलं. पट्टीवाले इंजिनिअर रोज थोडे अधिक हसू लागले.

एकोणिसावा बाईंचा धाकटा भाऊ. शाळेची बस चालवणारा, दिसायला धडधाकट. "ताई, माझं काळीज तुला सापडायचं नाही, ते बायकोने माहेरी नेलंय," म्हणत तो कुशीवर झोपला.

थंडगार जेली लावून बाईंनी हात फिरवला आणि हात थबकला. महाधमनीच्या तोंडाशी झडप उघडत होती, ती दार किलकिलं व्हावं एवढीच. त्यांनी पुन्हा पाहिलं. जागा बदलून तिसऱ्यांदा पाहिलं. खुणा केल्या, लिफाफा फोडला. आत होतं: सर्व ठीक.

इंजिनिअरांनी हलकेच सुचवलं, एकोणिसाव्यापुढे 'चित्र अस्पष्ट' लिहिलं की तो यादीतून आपोआप गळेल. पुढल्या महिन्यात पट्ट्या घरोघर जायच्या होत्या. भाऊ उठून बसला होता. दोन महिने जिना चढताना घेरी येते, हे त्याने आत्ता कुठे कबूल केलं. आणि बस हातची जाईल म्हणून त्यानेही तेच दोन शब्द मागितले.

"ताई, कडेवर घेऊन वाढवलंस ना मला? मग एवढं लिही. साडेतीनला पोरं फाटकाशी उभी राहतील."

बाईंनी छाती पुसायला त्याच्या हाती कागद दिला. मग खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून बसची किल्ली काढून आपल्या ॲप्रनमध्ये टाकली.

"चित्र स्वच्छ आहे. पट्टी चुकली, आणि तू आजपासून बस चालवायची नाहीस."