तांबेरा टोचणारी जयवंताबाई

सक्करदऱ्याच्या जयवंताबाईला नोकरी लागली ती गव्हाला रोग लावण्याची. अडुसष्ट सालची गोष्ट. नागपुरातल्या एका संशोधन केंद्रात तांबेरा या रोगाला दाद न देणारा गहू तयार करण्याचं काम चाललं होतं. कोणता गहू टिकतो हे कळायचं, तर आधी रोग सगळ्यांपर्यंत पोचायला हवा. म्हणून रोगट पानांवरची तांबडी भुकटी पाण्यात कालवायची आणि काचेच्या इंजेक्शननं कडेच्या ओळींच्या कोवळ्या खोडांत टोचायची. तिथून वाऱ्यानं तांबेरा आत पसरे. बाईचा हात हलका; तिनं टोचलेलं रोप मोडत नसे. पण शेतकऱ्याच्या घरातली ती, तिला हे पाप वाटे.

त्याच हिवाळ्यात उमरेडकडे तिच्या सासऱ्यांच्या, रुपरावांच्या, गव्हावर तांबेरा आला. संक्रांतीला ती तिकडे जाऊन आली होती. पुन्हा गेली, तर रुपरावांनी दारातच गाठलं.

"काहून वं जयवंता, लुगड्याले लावून रोग घरी आणला का?"

ती नागपूरला परतली. तिनं केंद्रातल्या दत्तोपंत साहेबांना विचारलं.

"तांबेरा वाऱ्यावर कुठून कुठे जातो, बाई. तुमच्यामुळे आला नसावा. पण छातीठोकपणे नाही सांगता येणार."

नोकरी सोडायचं तिच्या मनात होतं. साहेब खोटा धीर देत नाहीत हे पाहून ती थांबली. तेव्हापासून मात्र ती केंद्रातच आंघोळ करून, लुगडं बदलून बाहेर पडे, कडाक्याच्या थंडीतही. आणि फेब्रुवारीत सासऱ्यांना केंद्राच्या शेतात घेऊन आली.

सगळं वावर तांबडंलाल. रुपरावांना बघवेना. चालता चालता ते थबकले. एक ओळ हिरवी होती, पानांवर नुसते बारीक पिवळट ठिपके. त्यांनी एक पान चिमटीत ओढलं. बोटाला काही लागलं नाही.

"याले रोग नाही लागला का?"

"लागला ना, मामाजी. पण रोग जिथं बसते, तेवढी जागा हा सोताच मारून टाकते. पुढं सरकूच देत नाही."

"मले मूठभर बियाणं दे."

"आता नाही देता येत. अजून लय पाहाचं आहे."

रुपराव रुसले. वर्षभर सुनेशी बोलले नाहीत. पुढे ते बियाणं रीतसर गावात आलं, तेव्हा पहिली पेरणी त्यांचीच, आणि "आमच्या सुनेचा गहू" म्हणून सांगत फिरणारेही तेच.

काही वर्षांनी त्या गव्हावरही तांबेरा चढला. रोगानं रूप बदललं होतं. केंद्रात सगळ्यांचे चेहरे पडले. जयवंताबाई नवी रोगट पानं पाकिटात गोळा करू लागली.

"तो बदलला, तं आपण बी बदलू," ती दत्तोपंतांना म्हणाली. "भुकटी कालवू का?"

त्यानंतर कितीतरी हंगाम तिनं टोचलं. ती निवृत्त झाली, त्या दुपारी निरोपाचे हार तयार होते आणि बाई वावरात होती. दत्तोपंत स्वतः तिला बोलवायला गेले, तर तिनं त्यांनाच ओळीत वाकायला लावून नव्या तांबेऱ्याचे नुसते पिवळट ठिपके पडलेलं एक हिरवं पान दाखवलं.