आडाला लागलेलं डिझेल

आमचं घर धारूरच्या रस्त्याला. पुढ्यात आप्पांचा, म्हणजे वडिलांचा, डिझेलचा पंप आणि मागं परसात आड. ऊसतोडीला निघालेले ट्रक-ट्रॅक्टर आमच्या दारात थांबायचे, डिझेल भरायचे आणि जाताना आडाचं पाणी पिऊन जायचे. पुढून डिझेल, मागून पाणी, असा आमचा संसार.

आप्पांच्या अंगाला कायम डिझेलचा वास. माय त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत सोड्यात भिजवायची, तरी तो हटायचा नाही. माझ्या दप्तरालाही यायचा. शाळेत एक पोरगी मला 'डिझेल' म्हणाली, तर तिची वेणी अशी ओढली की मास्तरांनी मला दिवसभर वर्गाबाहेर उभं केलं. त्याचं मला आजही काही वाटत नाही. संध्याकाळी आप्पा उचलून घ्यायचे, त्यांच्या खाकी शर्टात नाक खुपसलं की लगेच डोळा लागायचा. काय सांगू, तसली झोप परत कधी लागली नाही.

आप्पा गेले, पंप बंद पडला. मागच्या उन्हाळ्यात भावानं क्रेन आणून जमिनीतली टाकी काढली, खड्ड्यात मुरूम लोटला आणि मोकळा झाला. टाकीचं बूड गंजून चाळण झालंय, हे त्यानं फोनवर असं सांगितलं, जसं काही शेजाऱ्याच्या टाकीचं सांगतोय. मी माती-पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. मी त्याला म्हणाले, खड्ड्याची माती तपासून घे. तो म्हणाला, बघू की. आमच्या घरात 'बघू की' म्हणजे नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पावसाळा सरता सरता आडाच्या पाण्याला वास यायला लागला. वर रंगीबेरंगी तवंग. आता आमच्याकडं आड नासला की औषध एकच, उपसा. मांजर पडो नाहीतर पाचोळा कुजो, आड कोरडा करायचा आणि नवं पाणी येऊ द्यायचं. गल्लीनं तेच केलं. मोटार लावून तळ गाठला. नवं पाणी आलं, ते आधीपेक्षा घाण. मी कपाळाला हात लावला. अरे बाबांनो, आड रिकामा केला की आजूबाजूचं पाणी तिकडंच धावणार, आणि येताना खड्ड्याजवळचं डिझेल सोबत घेऊन येणार. तुम्हीच त्याला घराची वाट दाखवली की रे!

गल्लीनं आडाचं पाणी भरणं सोडलं. एक माय सोडून. नळ आहे, जार मिळतो, पण ही बाई रोज आडाची घागर ओढायची आणि तेच प्यायची. मला वासच येत न्हाई, म्हणायची. भाऊ म्हणायचा, म्हातारपणी नाक जातं. इकडं माझा जीव टांगणीला. मायच्या पोटात रोज काय जातंय, हे तिच्यासमोर मांडल्याशिवाय ती घागर ठेवणार नव्हती.

तपासणी आमच्याच प्रयोगशाळेकडं घेतली. घरचं काम, म्हणून अहवालावर सही माझी नको, तिथल्या साहेबांची ठरली, पण नमुने घ्यायला मीही गेले. मशिनीनं खड्ड्यापासून आडापर्यंत ओळीनं भोकं पाडली. भोकातला मुरूम काचेच्या बाटलीत तोंडापर्यंत भरायचा आणि झाकण घट्ट लावायचं. सैल राहिलं तर वास उडून जातो आणि तपासणीत काही सापडत नाही. पहिल्या भोकाचा मुरूम काळपट निघाला. आडाच्या कडेचाही तसाच. मूठभर हातात घेतला आणि नाकाशी नेला. आप्पांचा शर्ट होता तो. मशीनवाल्यांच्या देखत मी आडाच्या काठावर बसून ढसाढसा रडले.

माय आली, शेजारी बसली, माझ्या मुठीकडं बघत राहिली.

"येतो मला वास," ती म्हणाली. "पयल्या दिवसापून येतो. कपडे तं वाटून टाकले. घरात त्येंचं दुसरं कायी राह्यलं न्हाई, बाय."

तरी मी भांडले. अशानं तूही जाशील, मग मी कुणाचा वास घेत बसू, असं म्हणाले.

अहवालात यायचं तेच आलं. खड्ड्याची माती उकरून न्यायची, आडाचं पाणी तोंडात घालायचं नाही, आणि किती वर्षं ते आत्ताच सांगता येत नाही. मायनं वाद घातला नाही. लेक सासरी निघताना भरतात तशी तिनं आडाची ओटी भरली. हळदकुंकू, खण, नारळ. मग दोर सोडवून गुंडाळून ठेवला. भावानं वरून फरशी टाकली.

मी निघाले तेव्हा तिनं हळूच विचारलं, त्या बाटल्यांतली एखादी उरली का. एक जादा भरलेली होती. नियमात बसत नव्हतं, तरी दिली. चांगलं बजावलं, झाकण उघडायचं नाही, विष आहे ते.

परवा गेले तर बाटली आप्पांच्या फोटोमागं. झाकण सैल. माझं टाळकंच सटकलं. तिला खडसावायचं म्हणून बाटली उचलली, आणि नाकाशी नेली. वास अगदी थोडा उरला होता. मी झाकण गच्च आवळलं.

"सारखी उघडत जाऊ नकोस, माय," मी म्हणाले. "उडून जाईल."