मार्थाबाई स्वतः वाचतील

मार्थाबाई साळवे यांची आणि माझी पहिली ओळख माझ्या उद्धटपणामुळे झाली. शिरूरच्या शाळेत इंग्रजी शिकवण्याची नोकरी मिळाली म्हणून नव्वदीच्या दशकाच्या मध्याला मी दौंडहून शिरूरला राहायला आले. यजमान रेल्वेत गार्ड होते, ते दौंडलाच राहिले. शिरूरमधल्या पहिल्याच रविवारी उपासनेत शास्त्रवाचनासाठी साठीच्या घरातल्या एक बाई उभ्या राहिल्या. इरकली लुगडे, नाकावर घसरणारा चष्मा, ओळीखाली बोट. त्या एकेक शब्द जमिनीतून उपटल्यासारखा काढत होत्या. "न्हाई" आणि "हाय" ऐकून माझ्या कानाला झिणझिण्या आल्या. एका जोडाक्षराशी त्या अडल्या, तेव्हा मी दुसऱ्या बाकावरून तो शब्द मोठ्याने उच्चारला. त्यांनी मान वर केली.

"थँक्यू टीचर," त्या म्हणाल्या. "आता फुडचं मला वाचू द्या."

मी कोण, कुठली, शिक्षिका आहे की नाही, त्यांना काही ठाऊक नव्हते. आवाजावरूनच ओळखले त्यांनी.

दुसऱ्या दिवशी पहाटे दारावर थाप. बाहेर मार्थाबाई. "सलाम टीचर. चर्चमागच्या खोलीत आमी बाया साडेपाचला बसतो. वाचन आन् प्रार्थना. तुमाला येतंय चांगलं, मंग हितं घरात ठिवून काय लोणचं घालायचंय?"

आज बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे आणि मला लेख मागितला आहे. मागणीच्या पत्रात "वादाचे जुने प्रसंग टाळावेत" अशी सूचना आहे. मी ती पाळणार नाही. ज्यांनी बाईंना वाचनापासून दूर केले, तेच आज शाल-श्रीफळ घेऊन उभे आहेत. तो प्रसंग गाळून बाईंवर लिहिणे म्हणजे त्यांच्याच सत्कारात त्यांना गप्प बसवणे होईल. त्या गप्प बसवणाऱ्यांत मीही होते, हे पुढे येईलच.

बाई मूळच्या न्हावऱ्याच्या. तिथल्या बालवाडीत त्या मदतनीस होत्या. पोरांची नाके पुसता पुसता, त्यांच्याच पाटीवर, पस्तिशीनंतर अक्षर शिकल्या. पुढे मुलाला रांजणगावच्या कंपनीत काम लागले, तेव्हा त्या शिरूरला आल्या आणि त्यांनी हा पहाटेचा वर्ग सुरू केला. येणाऱ्या सात-आठ बायका कांद्याच्या, उसाच्या कामाला जाणाऱ्या होत्या, दोघी-तिघी कंपनीत झाडलोट करणाऱ्या. सातला टेम्पो किंवा बस येई. त्याआधी सगळे उरकायचे.

पद्धत बाईंनी स्वतः बसवलेली. रोज एक छोटा उतारा वाचायचा, मग पुस्तक मिटायचे. एकीने ऐकलेले आपल्या शब्दांत सांगायचे. मग पुस्तक उघडून तोच उतारा पुन्हा वाचायचा. "का?" मी पहिल्या दिवशी विचारले.

"पदरचं काय घातलं ते कळाया नको?" बाई म्हणाल्या. "मानूस शास्त्रात बी आपल्या पदरचं घालतंय. मी तर लई घालते. माझ्या नावाची ती शास्त्रातली मार्था, येशू घरी आला तवा रांधत बसली म्हनून बोलणी खाती, तवा मी दर बारीला तिच्या बाजूनं बोलते. मंग परत वाचलं की कळतं, तिला रागावलेलंच न्हाई, मायेनं हाक मारलीय."

शेवटी प्रत्येकीने प्रार्थना करायची. माझी पाळी आली. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. तिथल्या मेणाच्या पॉलिशचा वास आणि स्टार्च केलेल्या झग्यांची सळसळ आजही आठवली तरी डोळे भरून येतात. हनुवटीखाली बोट धरून पाठांतर घेणाऱ्या सिस्टर आठवतात. त्यांनी मला पुष्कळ सुंदर प्रार्थना दिल्या, सगळ्या इंग्रजीत आणि सगळ्या पाठ. स्वतःच्या शब्दांत देवाशी बोलायची वेळ चाळिशी उलटेपर्यंत माझ्यावर आलीच नव्हती. मी "हे परमदयाळू, सर्वसमर्थ" अशी जड मराठी सुरुवात केली आणि बरीच लांबवली. आमेन झाल्यावर बाई शेजारणीला हळूच म्हणाल्या, "टीचरनी तर तहसीलदाराला अर्जच दिला की गं!"

सगळ्या हसल्या. मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी मी गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. दोन-तीन महिन्यांनी एका पहाटे माझ्या तोंडून एवढेच निघाले: "देवा, मला इथं एकटं वाटतं." बाईंनी माझा हात धरला आणि सोडला नाही. माझ्या विश्वासाची खरी वाढ त्या दिवशी सुरू झाली असे मी मानते. आधी होते ते उत्तम पाठांतर होते.

दोन वर्षांनी यजमान गेले. मी दौंडला भावाकडे जाऊन राहिले आणि पुस्तक मिटून ठेवले. वाचवत नव्हते, प्रार्थना तर नकोच होती. दर बुधवारी बाई शिरूरहून एसटीने चौफुल्याला येत, तिथे गाडी बदलून दौंडला. भावाच्या घरी ओट्यावर बसून त्या दिवसाचा उतारा वाचत. मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. एकदा मी आतूनच ओरडले, "बाई, कशाला येता? मी ऐकत नाही."

"नगा ऐकू," बाहेरून आवाज आला. "तुमच्याच्यानं हुईना तवर मी तुमच्या वाटचं वाचते. तुमचं बंद पडाया नको."

चर्चच्या मंडळीचे पुढारी सांत्वनाला एकदा आले, चहा घेऊन गेले. बाई दीड महिना येत राहिल्या. पाचव्या बुधवारी मी उठून ओट्यावर येऊन बसले. इतके त्यांनी माझ्यासाठी केले. आणि शिरूरला परतल्यावर वर्षभरातच मी काय केले ते ऐका.

पहाटेच्या वर्गात यमुना नावाची एक बाई येई. कांदे काढायला रोजाने जाणारी. प्रभूची प्रार्थना म्हणताना ती "रोजची भाकर" न म्हणता "रोजाची भाकर" म्हणे. शेतमजुरांच्या बोलीत रोज म्हणजे दिवसाची मजुरी. मी एक-दोनदा तिला दुरुस्त केले. बाईंनी मला अडवले.

"टीचर, तिचा रोज भरला तर चूल पेटती, न्हाई भरला तर न्हाई. ती देवाकडं काम मागती आन् भाकर मागती. चुकीचं काय मागितलं?"

त्या वर्षी वार्षिक उपासनेला पुण्याहून पाहुणे आले होते. प्रार्थना पहाटेच्या वर्गातल्या बायकांनी चालवायची ठरली होती. त्यांनी नवी लुगडी नेसली, पुढे उभ्या राहिल्या. आणि माइकसमोर यमुनाचा आवाज सगळ्यांच्या वर आला: "रोजाची भाकर". पुढच्या बाकांवर हसू फुटले. एकाने तर तो शब्द शेजाऱ्याला पुन्हा म्हणून दाखवला. देवाच्या घरात, प्रार्थना चालू असताना! यमुना लाल झाली आणि पुढचे शब्दच विसरली. बाईंनी एकटीने प्रार्थना शेवटापर्यंत नेली.

हसणाऱ्यांना कोणी जाब विचारला नाही. आठवड्याभरात चर्चच्या फळ्यावर नोटीस लागली ती बायकांसाठी. यापुढे व्यासपीठावरून वाचन शुद्ध उच्चार असणाऱ्यांनीच करावे. चर्चमागच्या खोलीची किल्ली सेक्रेटरींकडे राहील. बायकांसाठी शुद्धवाचनाचा वर्ग टीचर घेतील.

टीचर म्हणजे मी. मी हो म्हटले, आणि खरे सांगायचे तर मला बरे वाटले. इतक्या दिवसांनी माझ्या शिक्षणाची कोणीतरी कदर केली, असेच वाटले.

वर्गाच्या पहिल्या दिवशी बाई वाचू लागल्या. मी थांबवले. त्या पुन्हा वाचू लागल्या, मी पुन्हा थांबवले. "नाही म्हणा बाई, न्हाई नव्हे." असे सहा-सात वेळा झाले असेल. बायका खाली बघत होत्या. बाईंनी पुस्तक मिटले.

"टीचर, हितं मला देव ऐकू येत न्हाई. तुमीच ऐकू येता."

त्या उठल्या. त्यांच्यामागे एकेक करून सगळ्या उठल्या. मी शुद्ध उच्चारांसह एकटी त्या खोलीत बसून राहिले.

पहाटेचे वाचन मात्र एक दिवसही चुकले नाही. कंपनीच्या बसची वाट बघतात तिथे एक चहाची टपरी होती. ती उघडण्याआधी तिच्या बाकावर बाई आणि त्यांच्या बायका बसू लागल्या. हायवेवरून ट्रक धडधडत जात. ट्रक आला की बाई ओळीवर बोट ठेवून थांबत आणि तो गेला की पुढचा शब्द उच्चारत. टपरीवाला आणि बसचा ड्रायव्हरही कधीकधी ऐकत उभे राहत. ड्रायव्हर म्हणे, "मावशी, एवढी गोष्ट होऊ द्या, मग सोडतो गाडी." ज्यांना आम्ही चर्चमध्ये बोलू देत नव्हतो, त्यांच्यासाठी कंपनीची बस थांबत होती.

तीन आठवड्यांनी मी तिथे गेले. माफी मागायची म्हणून वाक्ये जुळवून नेली होती. बाईंनी बाकावर सरकून जागा केली आणि म्हणाल्या, "बसा. निम्मा उतारा झालाय."

त्यानंतर बारा वर्षे बाईंनी व्यासपीठावरून शास्त्र वाचलेले नाही. ती नोटीस पुढे काढून टाकली गेली, पण त्यांना पुन्हा कोणी बोलावले नाही. या बारा वर्षांत त्यांच्या पहाटेच्या वाचनातून चौदा-पंधरा बायका वाचायला शिकल्या. यमुना आता स्वतः उतारा वाचते. नवरा दारू पिऊन मारायचा अशी एक बाई, जी पूर्वी कोणाशी बोलत नसे, ती मंडळीसमोर उभी राहून प्रार्थना करते. उपासनेच्या रविवारी मागच्या बाकांवर ज्या बायका पुस्तक उघडून बसतात, त्या सगळ्या टपरीच्या बाकावरून आलेल्या आहेत. हे पुढाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच तर सत्कार आहे! वार्षिक अहवालात "महिलांमधील आध्यात्मिक जागृती" असे त्याचे नाव आहे, आणि बाईंचे नाव तिथे नाही.

गेल्या महिन्यात सेक्रेटरी माझ्या घरी समारंभाची कार्यक्रमपत्रिका घेऊन आले. त्यात शास्त्रवाचनापुढे माझे नाव होते. सत्कारमूर्तींच्या मनोगतापुढे कंसात लिहिले होते: "वेळ असल्यास".

मी म्हटले, "वाचन बाई करतील."

"टीचर, समजून घ्या. पाहुणे येणार, व्हिडिओ शूटिंग आहे. बाईंचं वय झालं, त्यांना ताण नको."

"ताण त्यांना येईल की तुम्हाला?"

"तुम्ही उगाच चिडता. बाईंची स्वतःची काही तक्रार आहे का? त्या तर किती शांत आहेत."

हे शेवटचे वाक्य मला झोंबले, कारण मीही इतकी वर्षे तेच समजत आले होते. मी तशीच बाईंच्या घरी गेले. त्या दारात तांदूळ निवडत होत्या. मी सगळे सांगितले आणि म्हटले, "तुम्ही म्हणाल जाऊ द्या. पण मी जाऊ देणार नाही."

बाईंनी सूप खाली ठेवले. "मी कवा म्हनले जाऊ द्या?"

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"टीचर, मला राग हाय. बारा वर्सं हाय. रोज पहाटं पयला त्योच सांगते देवाला, मंग पुस्तक उघडते. त्याला सांगते म्हनून तुमाला ऐकू आला न्हाई. म्हनून काय न्हाई व्हय?" त्यांनी चर्चच्या दिशेने हात केला. "मला वाचायचंय त्या जागंवरनं. शाल नगं, नारळ नगं. एकदा वाचायचंय. माझ्या तोंडानं."

आम्ही सगळे ज्याला बाईंची शांतता म्हणतो, ती त्यांनी रोज पहाटे देवाशी भांडून मिळवलेली आहे. रोजची प्रार्थना माणसाला मऊ करते एवढेच मला शिकवले गेले होते. ती माणसाला खरे बोलायलाही शिकवते, हे मी पंचाहत्तर वर्षांच्या बाईंच्या दारात, निवडलेल्या तांदळासमोर शिकले.

तेव्हा या ग्रंथाच्या वाचकांना आणि मंडळीला आधीच कळवते. समारंभात मी वाचणार नाही. सेक्रेटरींना तसे लेखी दिले आहे. त्यांनी पत्रिका पुन्हा छापली नाही, म्हणून नाव माझेच पुकारले जाईल. उठतील मार्थाबाई. मी त्यांचा चष्मा पुसून देईन आणि खाली येऊन बसेन. कोणाला हसायचे असेल त्याने बाहेर जाऊन हसावे.

प्रभू मार्थाबाईंना दीर्घ आणि निरोगी आयुष्य देवो. त्यांच्या डाव्या डोळ्याचे ऑपरेशन नीट पार पडो, गुडघे कुरकुरले तरी चालते राहोत, आणि त्यांच्या शेजारच्या बाकावर माझी जागा शेवटपर्यंत राहो. शंभरी गाठा बाई. आणि त्या दिवशी सावकाश वाचा. घाई कोणालाच नाही, आम्ही बसून आहोत.