कन्हानहून आणलेली गाडी

मी नागपुरात पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात प्रयोगशाळा सहायक होते. वय बत्तीस, लग्न झालेलं नाही, आणि पगार माझा स्वतःचा. अशा बाईनं काहीही विकत घेतलं की गल्लीला त्याचं कारण लागतं. म्हणून सीताबर्डीच्या दुकानात मी पहिलंच वाक्य खोटं बोलले. "भाच्यासाठी रिमोटची गाडी पाहिजे," म्हटलं. मला भाचा नव्हता.

गाडी मलाच हवी होती. ही ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. आमच्या संस्थेच्या प्रदर्शनात पुण्याहून आलेल्या एका इंजिनिअरांनी वायरलेसवर चालणारी मोटार दाखवली होती. ती त्यांनी सुट्या भागांतून स्वतः जोडलेली होती. ट्रान्समीटरची दांडी अंगठ्यानं जेवढी हलवावी तेवढंच चाक वळायचं. जराशी हलवली तर जरासं. त्यांनी ट्रान्समीटर दोन मिनिटं माझ्या हातात दिला. परत देताना मी त्यांचा पत्ता मागून घेतला.

सीताबर्डीचा दुकानदार परदेशी माल ठेवायचा. त्यानं काउंटरवर लाल चकचकीत गाडी ठेवली आणि म्हणाला, "एकदम ओरिजिनल. तुमचा भाचा खूश होऊन जाईल."

मी बटण दाबलं. चाक एकदम पूर्ण डावीकडे गेलं. दुसरं दाबलं, पूर्ण उजवीकडे.

"थोडं वळत नाही का?"

"थोडं कशाले पायजे, बाई? वळली म्हणजे झालं."

मी गाडी उलटी केली. खालून सगळं चिकटवून बंद केलेलं होतं. बिघडली तर उघडायची कुठून, असं विचारलं, तर म्हणाला, बिघडतच नाही. ज्या वस्तूला उघडायची जागा नाही आणि जी बिघडतही नाही, तिच्यावर माझा विश्वास बसला नाही. मी बाहेर पडले.

दुसरी गाडी आमच्या वर्कशॉपमधल्या फिटरमुळे कळली. त्याच्या ओळखीचा एक जण कन्हानजवळच्या खाणीत इलेक्ट्रिशियन होता, चार वर्षं आखातात राहून परतला होता, आणि येताना आणलेला मोटारीचा किट त्याला विकायचा होता. किट म्हणजे सगळे भाग सुटे, आपणच जोडायचे. न जोडलेलाच विकतोय हे ऐकून मला हुरूप आला, आणि लगेच शंकाही आली. एवढ्या हौसेनं आणलेली वस्तू माणूस न जोडता का विकतो?

रविवारी सकाळी पर्समध्ये मल्टिमीटर आणि पेन्सिल सेल टाकून मी निघाले. महालातल्या आमच्या दोन खोल्यांत मी आणि बाबा, दोघंच राहत होतो. बाबांनी तरुणपणी हातमाग चालवला होता. आता गांधीबागेत एका ठोक कापडाच्या दुकानात थान मोजून द्यायचं काम करत. दाढी करता करता त्यांनी आरशातूनच विचारलं,

"कन्हानले काहून जाऊन राहिली वं?"

"कामाचं सामान पाहायचं आहे."

"रविवारचं?"

मी चप्पल घातली.

इलेक्ट्रिशियन तिशीचा, अंगानं बारीक, बोलायला कमी. त्याची आई दारातच गहू निवडत बसली होती. त्यानं मला बसायला खुर्ची दिली, पण खोकं आणायला उठला नाही.

"तुम्ही कस्टमवाल्या तर नाही?"

"नाही."

"मंग घेऊन पुढं विकणार असान."

"मी स्वतः जोडणार आहे."

त्यानं आईकडे पाहिलं, आईनं माझ्याकडे. मग तो आत गेला, खोकं आणलं आणि त्यातली एकच पिशवी काढून स्टीलच्या ताटलीत ओतली. मागच्या चाकांमधली दात्यांची छोटी चाकं होती ती. वळताना एक चाक जास्त आणि एक कमी फिरावं यासाठी ती बसवतात. "हे लावून दाखवा," तो म्हणाला. "मंग बाकीचं उघडतो."

मला राग आला. पण मी पदर खोचला आणि बसले. वीसेक मिनिटं लागली. एक पिन दोनदा हातातून सुटली आणि दोन्ही वेळा म्हातारीनं ती गव्हाच्या सुपाजवळून उचलून दिली. चाकं बसल्यावर त्यानं ती हातात घेऊन फिरवली, कानाशी नेली, आणि खोकं माझ्याकडे सरकवलं.

आता माझी पाळी होती. मी माझे सेल घालून ट्रान्समीटर तपासला. चाक वळवणारी छोटी मोटर दांडीच्या हुकमात जराजराशी हलत होती. मन हरखलं, पण चेहऱ्यावर मी काही दिसू दिलं नाही. पिशव्या एकेक पाहू लागले, तेव्हा लक्षात आलं की प्रत्येक पिशवीच्या तोंडाला स्टेपलरच्या पिनांच्या भोकांच्या दोन दोन जोड्या आहेत. म्हणजे उघडून पुन्हा बंद केलेल्या. आणि खोक्यावरच्या चित्रात चाकांच्या आत चकचकीत लोखंडी बेअरिंग दिसत होत्या. पिशवीत मात्र प्लास्टिकच्या काळ्या चकत्या होत्या.

"बेअरिंग कुठे आहेत?"

"किटमधे बुशच येतात, प्लास्टिकचे. बेअरिंग अलग घ्या लागते."

"आणि पिशव्या कुणी उघडल्या?"

त्यानं एकेक पिशवी परत खोक्यात ठेवली, झाकण लावलं आणि खोकं उचलून आत नेलं. म्हातारी म्हणाली, "चहा घेऊन जा वं बाई." मी घेतला नाही. परतीच्या एसटीत मी स्वतःला शाबासकी देत होते, की फसता फसता वाचले.

तरीही घरी पोचल्यावर मी पुण्याच्या इंजिनिअरांना पत्र लिहिलं. चकत्यांचं वर्णन केलं, माप लिहिलं. दहा-बारा दिवसांनी उत्तर आलं. मी कामावरून आले तेव्हा पाकीट फोडलेलं होतं आणि बाबा ते गुडघ्यावर ठेवून बसले होते.

"हा कोण?"

"इंजिनिअर आहेत. प्रदर्शनात आले होते."

"बुश म्हणजे काय?"

मी पत्र घेतलं. त्यांनी सरळ लिहिलं होतं: मूळ किटमध्ये बुश प्लास्टिकचेच असतात, चित्रात जास्तीचे भाग लावलेली गाडी दाखवतात, तुमचा माणूस खरं सांगतोय, किट सोडू नका.

बाबांनी ते पत्र किती वेळा वाचलं असेल कोण जाणे. "तुमचा माणूस खरं सांगतोय" या ओळीवर त्यांच्या बोटाचा घामाचा डाग होता. मग मी त्यांना सगळं सांगितलं. गाडी, किट, कन्हान. ऐकून झाल्यावर म्हणाले, "कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

त्यांचा विश्वास बसला नाही, हे मला दिसलं. बत्तीस वर्षांची पोरगी खेळण्यातल्या मोटारीसाठी कन्हानला जाते, पुण्याला पत्रं लिहिते, यापेक्षा त्यांच्या डोक्यात होतं तेच जास्त पटण्यासारखं होतं. पुढच्या रविवारी ते इस्त्रीचा सदरा घालून माझ्याआधी तयार होते.

कन्हानला त्यांनी मला बोलूच दिलं नाही. खुर्चीवर बसले आणि इलेक्ट्रिशियनला विचारू लागले: खाणीत नोकरी पक्की आहे का, घर स्वतःचं का, गाव कोणतं. तो बिचारा उत्तरं देत गेला. शेवटी बाबांनी विचारलं, "घरी आणखी कोण असते?"

"हिची सून," असं म्हणत त्यानं आईकडे बोट दाखवलं. "बाळंतपणाले माहेरी गेली आहे."

म्हातारी म्हणाली, "म्हणून तर विकून राहिला. लेकरू रांगाले लागलं का हे बारीक बारीक स्क्रू तोंडात घालन. मीच म्हटलं, काढ हे घरातून."

बाबांचे कान लाल झालेले मी पहिल्यांदाच पाहिले. मला हसू येत होतं आणि त्यांची दयाही.

मी त्या माणसाला म्हटलं, "बुशचं तुमचं बरोबर होतं. मी चुकले."

"पिशव्या मीच उघडल्या होत्या," तो म्हणाला. "तिकडच्या दुकानदारावर माहा भरोसा नव्हता. सामान पुरं आहे का पाहाले एकेक मोजलं, आन पुन्हा पिना लावल्या."

"हे मागच्या वेळी का नाही सांगितलं?"

"तुम्ही मले चोर म्हटलं."

मी तसं म्हटलं नव्हतं. पण म्हणायचं तेच होतं, म्हणून वाद घातला नाही.

मग आम्ही तिघं सतरंजीवर बसलो आणि पुस्तिकेतल्या आकृत्यांशी एकेक भाग ताडून पाहिला. बाबांची नजर साठीतही सुतावरची होती. माझ्या हातून निसटलेल्या दोन चकत्या त्यांनी बोटाच्या टोकानं शोधल्या. सगळं पुरं भरलं. या वेळी मी चहा घेतला, आणि दुसऱ्यांदाही घेतला.

गाडी जोडायला तीन आठवडे लागले. पहिल्यांदा रेशीमबागेच्या मैदानावर नेली, तेव्हा दांडी डावीकडे केली की गाडी उजवीकडे जायची. माझ्या मनात आधी तोच माणूस आला: शेवटी काहीतरी गोम ठेवलीच यानं. घरी येऊन पाहिलं तर छोट्या मोटरपासून चाकाकडे जाणारी जोडदांडी मीच उलट्या बाजूला बसवली होती. ती नीट लावताना मला माझीच शरम वाटली. बाबा शेजारी बसून टॉर्च धरत होते.

दुसऱ्या दिवशी गाडी मैदानभर धावली. मी दांडी जराशी हलवत होते आणि ती जराशीच वळत होती. धुळीची एक लांब वाकडी रेघ तिच्यामागे राहत होती. बाबा थोडा वेळ पाहत उभे राहिले, मग कुंपणाशी थांबलेल्या एका ओळखीच्या माणसाकडे गेले. त्यानं काहीतरी विचारलं असावं. बाबा म्हणाले, "माह्या पोरीची आहे. तिनंच बनवली."

त्या दिवाळीनंतर इलेक्ट्रिशियन बायको आणि पाच महिन्यांच्या मुलीला घेऊन नागपूरला आला होता, तेव्हा आमच्याकडे येऊन गेला. त्याची बायको आणि बाबा बोलत बसले. त्यानं गाडी मांडीवर घेतली, उलटी केली, एकेक स्क्रू नखानं दाबून पाहिला, मागचं चाक फिरवलं आणि कानाशी नेलं.

"ग्रीस कमी लावलं तुम्ही," तो म्हणाला.

मी उठून ग्रीसचा डबा आणला.