आजीची कॉलनी

इथे परदेशात, बेस्ट नावाच्या आमच्या गावात, नोव्हेंबरात दुपार सरते न सरते तोच अंधारून येतं, आणि माझा स्वभाव मुळातच त्या हवेच्या बाजूचा. त्या शनिवारी मुलीची इतिहासाची परीक्षा तोंडावर आली होती. अमेरिकेचा स्वातंत्र्यलढा. शब्द तिला पाठ होते, अर्थ माझ्याकडून हवे होते. तिला मराठी कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं.

'सब्जेक्ट' म्हणजे तिला शाळेतला विषय वाटला होता. "इथे सब्जेक्ट म्हणजे प्रजा," मी म्हणालो. "जिनं राजाचं ऐकायचं ती." 'कन्सेंट' म्हणजे संमती. समुद्रापलीकडचा राजा कर लावायचा, कायदे करायचा, आणि तिथल्या लोकांना विचारायचा नाही. "उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात याला." यात शेळ्या कुठून आल्या, असं तिनं विचारलं. बऱ्याच दिवसांनी मला हसू आलं.

मग 'कॉलनी' आली आणि ती अडली.

"बट आजी लिव्ज इन अ कॉलनी."

माझी आई सांगलीला ज्या बैठ्या घरांच्या वस्तीत एकटी राहते, तिला सगळे कॉलनीच म्हणतात. ती कॉलनी वेगळी, असं मी समजावलं.

"देन हू इज द किंग देअर?"

"तिथे राजाबिजा नसतो. पुढचा शब्द घे," मी म्हणालो. आवाज जरा चढलाच.

त्याच आठवड्यात मी आईसाठी पुण्यातल्या एका वृद्धाश्रमात खोली पक्की केली होती. ती बाथरूममध्ये पाय घसरून पडली होती, शेजाऱ्यांनी उचललं होतं. मी इथे बसून खोलीचे फोटो पाहिले. खिडकी होती, डॉक्टर रोज येत होते. हो म्हणून टाकलं आणि आईला कळवलं. त्यात विचारायचं काय, तिच्या भल्यासाठीच तर चाललंय, असं मला मनापासून वाटत होतं. आता ते 'भल्यासाठीच' मला खटकलं. त्या राजालाही तसंच वाटत असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला फोन लावला. काय बोलायचं ते आधी ठरवून ठेवलं होतं. आम्हा मायलेकांना असल्या बोलण्याची सवयच नाही.

"आई, पुण्याचं ठरलंय खरं," मी म्हणालो, "पण तुझ्या मताचं काय?"

मागे तिचा टीव्ही चालू होता.

"अरे हो," ती म्हणाली. "माझं मत कॉलनीच्या शाळेत असतं. ते आता पुण्याला हलवावं लागेल का रे?"

तिला वाटलं, मी मतदानाबद्दलच विचारतोय. दुसरं कुठलं मत तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मला खुलासा करायचा होता. पण ती 'मला नाही जायचं' म्हणेल, याची मला भीती वाटली.

"हो," मी म्हणालो. "हलवावं लागेल."

"बरं," आई म्हणाली. "तू सांगशील तसं."